धुक्यापलीकडचं मीटर

जो कागद अर्ज नव्हताच तो अर्ज समजून आवकजावकांनी भरला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. कचेरीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकण्यात ज्या माणसाची एकतीस वर्षं गेली, ज्याला निवृत्तीनंतरही अख्खी इमारत 'आवकजावक' म्हणूनच ओळखते, त्याच्याच हातून अशी चूक व्हावी याचं लोकांना फार नवल वाटलं. खरं तर ती त्याच्याच हातून होण्यासारखी होती. तुमच्याआमच्यासारख्याने तो कागद दुकानाबाहेर पडता पडता केराच्या टोपलीत टाकला असता.

मूळ मागणी अक्काची. अक्का म्हणजे आवकजावकांची थोरली बहीण. तिने अठ्ठावीस वर्षं घरोघर फिरून पाण्याची मीटरं वाचली. रोजची साठ घरं आणि साठ जिने. दाराला कुलूप दिसलं की बाकीचे मीटरवाचक वहीत 'घर बंद' लिहून मागच्या महिन्यांची सरासरी ठोकून देत. अक्काने असली अंदाजे नोंद जन्मात केली नाही. ती दुसऱ्यांदा जायची, तिसऱ्यांदा जायची, आणि चौथ्यांदा गेल्यावर घरमालकच लाजून घरी थांबलेला असायचा. आता तिची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी, उशाशी दिवसभर घुं घुं करणारं प्राणवायूचं यंत्र, आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची नऊ पावलं म्हणजे दिवसभराची मजल. डॉक्टरांनी आवकजावकांना दाराबाहेर बोलावून हलक्या आवाजात 'दोन महिने, फार तर तीन' असं सांगितलं. ते आत आले तर अक्का म्हणाली, "दाराबाहेरचं मला सगळं ऐकू येतं रे. अठ्ठावीस वर्षं दाराबाहेरच तर उभी होते."

अक्काच्या खोलीत खेळाचा एक जुना कन्सोल होता. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी अडगळ कमी करताना तो आणून दिला होता. घरात त्याला 'डबा' म्हणत. त्याच्यात एकच खेळ होता आणि त्या खेळात काही म्हणता काही घडत नसे. एक बाई खांद्याला पिशवी लावून डोंगरांमधून चालते आणि घरोघर पत्रं टाकते. ना गोळीबार, ना मारामारी, ना भुतं. दंतवैद्यांनी तो दहा मिनिटांत कंटाळून सोडला होता. अक्का मात्र तो सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खेळायची, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. वर्षभरात तिने त्या खोऱ्यातलं घर न् घर पालथं घातलं. पिशवीत एकच पत्र उरलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'खिंडीपलीकडचं घर'. पण खिंडीत पोचलं की समोर दाट पांढरं धुकं. दोन पावलं पुढे टाकली की ती बाई आपली आपणच माघारी वळायची.

"धाकट्या," अक्का एका सकाळी म्हणाली, "ते धुकं काढता येईल का रे?"

"कशाला?"

"एक घर राहिलंय."

अक्काने आजारपणात एवढं एकच मागितलं होतं. आवकजावकांनी पायात चपला सरकवल्या आणि ते थेट दंतवैद्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे खुर्चीत लिफ्टदुरुस्तीवाला आ वासून पडला होता आणि दंतवैद्य त्याच्या तोंडात कोपरापर्यंत शिरल्यासारखे दिसत होते.

"धुकं?" दंतवैद्यांचा चेहरा उजळला. दातांविषयी बोलताना तो असा कधी उजळत नसे. "अहो, ते धुकं नाहीच! जुन्या डब्यात दम नाही. लांबचं चित्र त्याला काढता येत नाही, म्हणून खेळ करणारे तिथे धुकं सोडतात. नव्या पिढीचा कन्सोल येतोय ना, त्यात क्षितिजापर्यंत सगळं लख्ख! सेकंदाला एकशेवीस चित्रं! रस्त्यावरच्या डबक्यात आभाळाचं प्रतिबिंब पडणार, आणि तुम्ही हललात की ते पण हलणार!"

"आणि जुना खेळ नव्यावर चालेल?"

"चाललाच पाहिजे! जगातल्या सगळ्या खेळाडूंची तीच अपेक्षा आहे. नाहीतर आम्ही इतकी वर्षं खेळलो ते काय पाण्यात?"

लिफ्टवाल्याने हाताने 'थांबा' अशी खूण केली, चूळ भरली आणि बधिर झालेल्या जबड्याने आपलं मत मांडलं. "डबकी गेली खड्ड्यात. आधी ते लोडिंग कमी करा म्हणावं. एक दार उघडायला दीड मिनिट? माझ्या लिफ्टचं दार दीड मिनिटाने उघडलं तर लोक मला त्याच लिफ्टमध्ये कोंडतील." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि काका, धुक्यामागे काही असेलच असं नाही बरं का. जिथे कुणी जाणारच नाही, तिथे कोण कशाला रंगवत बसेल? लिफ्ट वरखाली करते त्या पोकळीत आतली भिंत कुणी रंगवतं का?"

"तुम्ही दातांकडे लक्ष द्या," आवकजावक म्हणाले. माणूस सरळ बोलला की त्यांना ते नेहमीच उद्धटपणाचं वाटे.

मग ते कन्सोलच्या दुकानात गेले तर तिथल्या मॅनेजरबाईंच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या कानाशी गिऱ्हाईक. नवा कन्सोल यायला अजून सहा आठवडे होते. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा आवकजावकांचा स्वभाव नव्हता. त्यांनी बहिणीच्या आजारासकट सगळी हकीकत सांगितली. बाईंनी फोन न सोडताच गल्ल्याशेजारच्या गठ्ठ्यातला एक गुळगुळीत कागद त्यांच्याकडे सरकवला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पुढच्या पिढीच्या कन्सोलकडून आपल्या अपेक्षा काय?' खाली पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एक हसरा आणि एक रडका चेहरा.

"किती प्रतींत?" आवकजावकांनी विचारलं.

"कितीही," बाई म्हणाल्या. त्या बहुधा फोनवरच्या माणसाला सांगत होत्या.

आता कंपनीला फक्त लोकांचा कल पाहायचा होता, हे कुणीही ओळखलं असतं. पण आवकजावकांच्या मते ज्या कागदावर रिकाम्या ओळी असतात तो अर्ज असतो, आणि अर्ज रीतसर भरला की त्यावर कार्यवाही होते. एकतीस वर्षं त्यांनी हे मनापासून मानलं होतं. स्वतःच्या कचेरीत तसं होताना त्यांना फारसं दिसलं नव्हतं हा भाग वेगळा, पण श्रद्धेचं असंच असतं. त्यांनी तीन प्रती केल्या. पहिल्याच ओळीत लिहिलं, 'अर्जदार सदर धुक्यापलीकडील भाग पाहू इच्छिते. प्रकृतीचे कारण लक्षात घेता प्रकरण तातडीचे समजावे.' वयाच्या रकान्यातला शेवटचा पर्याय 'पंचेचाळीस व पुढे' असा होता. हा त्यांना अक्काचा अपमान वाटला, कारण ती त्या 'पुढे'मध्ये एकोणतीस वर्षं जगली होती. तिथे त्यांनी वेगळा खुलासा जोडला.

मग डॉक्टरांचा दाखला. दाखल्याची प्रत आली म्हणजे ती खरी असल्याबद्दल अधिकाऱ्याचा शिक्का आला. तो कुणीही मागितला नव्हता. शिक्का मारायला मोठा अधिकारी हवा, आणि ओळखीतले सगळे मोठे अधिकारी एक तर निवृत्त झालेले किंवा त्याहून पुढे गेलेले. अकरा दिवस वणवण केल्यावर एक पशुवैद्यकीय अधिकारी भेटले. त्यांनी अक्काच्या फुप्फुसांच्या दाखल्यावर गुरांच्या दवाखान्याचा गोल शिक्का मारून दिला. त्या अकरा दिवसांत अक्काच्या यंत्राचा काटा दोनवरून तीनवर गेला होता.

"अहो, नुसता फोन करून नाव नोंदवता येतं म्हणे," आवकजावकांची बायको म्हणाली.

"अर्ज चालू असताना फोन केला तर तो दबाव समजला जातो," आवकजावक म्हणाले. बायकोने पुढे काही विचारलं नाही. तिच्या संसाराची पस्तीस वर्षं अशीच विचाराधीन होती.

इमारतीत बातमी फुटल्यावर जो तो आपापली अपेक्षा घेऊन आला. दंतवैद्यांनी डबक्यांवर दोन पानं दिली. लिफ्टवाल्याने लोडिंगच्या वेळांचा तक्ता करून आणला. तळमजल्यावरच्या वकीलबाईंचं म्हणणं एकच होतं की पंखा बिनआवाजाचा हवा, कारण जुना घरघरायला लागला की सासूबाईंना कळतं, सून कोर्टाची कामं करत नाहीये. आवकजावकांनी सगळं परिशिष्टं म्हणून जोडलं, लाल दोऱ्याने बांधलं आणि दुकानात नेऊन दिलं. मॅनेजरबाईंनी ते आधी हातात तोललं. पोच मिळाल्याशिवाय हा माणूस हलणार नाही हे दिसल्यावर त्यांनी सही केली आणि ती फाइल रिकाम्या खोक्यांवर ठेवून दिली.

दहा दिवसांनी पहिलं स्मरणपत्र गेलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून आवकजावकांनी कंपनीचा पत्ता घातला. कंपनी समुद्रापलीकडे होती, पण कागदी घोड्यांना समुद्राचं काय. अक्का रोज विचारायची, "उत्तर आलं का?"

"येईल. फाइल वर गेलीय."

"बघ हं," अक्का दम घेत म्हणायची, "तुझी फाइल आणि मी. आधी कोण निकालात निघतंय ते बघू." आणि हसायची. हसलं की खोकला यायचा, आणि खोकला आला की ती निळी पडायची. म्हणून आवकजावकांनी तिच्यापुढे विनोद करणं सोडून दिलं. ती मात्र करत राहिली.

सातव्या आठवड्यात नवा कन्सोल दुकानात आला आणि त्याच दिवशी संपलाही. ज्यांनी फोन करून नाव नोंदवलं होतं त्यांना मिळाला. दंतवैद्यांना मिळाला. ते खोकं छातीशी धरून जिना चढत होते आणि आवकजावक उतरत होते.

"तुम्ही नाव नाही नोंदवलं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"माझा अर्ज विचाराधीन आहे."

दंतवैद्यांनी खोकं पायरीवर ठेवलं. मग त्यांनी अगदी हळू सांगितलं की तो अर्ज नव्हता. ते नुसतं कंपनीचं सर्वेक्षण होतं, तसले कागद खोक्यात पडतात आणि कुणी वाचतसुद्धा नाही. आवकजावक जिन्यातच बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते पायरीची धूळ न पुसता टेकले होते. सात आठवडे! बहिणीच्या हातात फार तर बारा होते आणि त्यांतले सात त्यांनी लाल दोऱ्यात बांधून दुकानात नेऊन ठेवले होते.

हे ऐकून बायको मात्र बसली नाही. ती खाली गेली, दंतवैद्यांशी चार वाक्यं बोलली आणि दहाव्या मिनिटाला कपड्यांच्या पिशवीत नवा कन्सोल घालून वर आली. मागोमाग दंतवैद्य तारा घेऊन आले. "राहू दे तुमच्याकडेच," ते म्हणाले. "मला पुढच्या खेपेत मिळेल." खरं तर या दिवसासाठी त्यांनी दवाखाना दोन दिवस बंद ठेवला होता. आवकजावकांनी तशाही स्थितीत त्यांना 'तात्पुरत्या वापरासाठी मिळाला' अशी रीतसर पावती लिहून दिली. माणसाला कुठेतरी मान वर ठेवावी लागते.

दुसऱ्या सकाळी जोडणी सुरू झाली. आधी त्या यंत्राने स्वतःलाच अद्ययावत करायला चार तास घेतले. ज्याची मुख्य कीर्ती वेग होती, त्याने पहिल्या भेटीतच माणसाला ताटकळत ठेवलं. मग त्याने अक्काची जन्मतारीख मागितली. पडद्यावर सालांचं एक चाक होतं आणि ते चालू सालापासून मागे मागे फिरवत न्यायचं होतं. दंतवैद्य फिरवू लागले. अक्का बघत होती. "हळू," ती म्हणाली. "इथे मी निवृत्त झाले... इथे धाकट्याचं लग्न... इथे मला पहिली वही मिळाली... इथे आई." चाक तिच्या सालावर येऊन थांबलं.

पुढे गाडं अडलं ते टीव्हीवर. टीव्ही जुना आणि नवी तार त्याच्या भोकात बसेना. मध्ये एक जोडपिन घातली तर ती सैल. अंगठ्याने दाबून धरली तरच चित्र, सोडली की अंधार. दंतवैद्यांनी अक्काचा जुना खेळ नव्या डब्यात आणला, 'दूरचं चित्र' या खुणेचा काटा शेवटपर्यंत नेला आणि म्हणाले, "आता फक्त खिंडीत जायचं." एवढ्यात खालून त्यांच्या एका पेशंटची दाढ इतकी ठणकली की बंद दवाखान्याचं दार वाजू लागलं. ते पळाले. राहिले तिघं. अक्का पलंगावर, बायको दारात ओल्या हातांनी उभी, आणि आवकजावक टीव्हीमागच्या कोनाड्यात अंग चोरून, जळमटांत डोकं खुपसून पिन दाबत. ज्या चित्रासाठी सात आठवडे खपले त्याची फक्त पाठ त्यांना दिसत होती.

"चाल, अक्का!" ते आतून ओरडले. "पोचलीस का?"

"पोचते."

थोडा वेळ नुसती प्राणवायूच्या यंत्राची घुं घुं.

"धुकं गेलं का?"

"गेलं."

"मग? काय दिसतंय?"

अक्का बोलेना. आवकजावकांचा अंगठा बधिर झाला होता. त्यांना वाटलं, तिला दम लागला असेल.

"अक्का?"

"घर आहे," अक्का म्हणाली.

"कसलं घर? नीट सांग ना!"

"चांगलं आहे. दार निळं." तिने श्वास घेतला. "दोरीवर कपडे वाळत घातलेत. बाहेरून जिना आहे. मीटर जिन्याखाली."

"पत्र टाक मग!"

"टाकलं." पुन्हा एक श्वास. "झालं रे माझं. ये बाहेर, गुदमरशील."

त्यांनी पिन सोडली आणि पडदा काळा झाला. ते डोक्यावर जळमट घेऊन बाहेर आले तेव्हा अक्का त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि बायको लगबगीने स्वयंपाकघरात निघून गेली होती. त्या दिवशी आवकजावक एकतीस वर्षांत नव्हते तेवढे सुखी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अक्का म्हणाली, "धाकट्या, माझा जुना डबा लाव."

"म्हणजे?"

"तोच बरा. सवयीचा."

आवकजावकांना हे फार लागलं. सात आठवड्यांची वणवण, गुरांचा शिक्का, दंतवैद्यांचा त्याग, बधिर झालेला अंगठा, आणि हिला धुकंवालाच डबा हवा! त्यांनी नवा डबा खोक्यात भरून कपाटावर चढवला, जुना लावला आणि अबोला धरला. चार दिवस ते बहिणीशी बायकोमार्फत बोलले. "त्यांना विचार, औषध घेतलं का." "त्यांना सांग, मी बाजारात जातोय." अक्का सगळं ऐकायची, हसायची, आणि त्या खिंडीत धुक्यासमोर उभी राहून तासन् तास बघत बसायची. पाचव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती गेली. आवकजावक तेव्हा शेजारच्या खोलीत होते आणि रुसलेले होते. पुढे कुणी काही सांगितलं तरी त्या चार दिवसांची त्यांना कधी भरपाई मिळाली नाही.

तीन आठवड्यांनी दुकानातून एक पाकीट आलं. तिसऱ्या स्मरणपत्राची प्रत खरोखरच समुद्रापलीकडे पोचली होती, आणि तिथल्या कुणीतरी छापील कार्ड पाठवलं होतं. 'आपल्या अपेक्षा पूर्ण झाल्या का? होय / नाही. तपशील.' खाली दोन ओळी. आवकजावकांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि थांबले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी नोंद केली नव्हती, आणि घर तर त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी कपाटावरून डबा उतरवला. पिन धरायला बायको मागच्या कोनाड्यात शिरली. अक्काची ती पत्रवाली बाई खिंडीत उभी होती, अक्काने सोडली तिथेच. आवकजावकांनी दोन्ही अंगठ्यांनी खेळातल्या बाईला चालवायची दांडी पुढे रेटली.

धुकं नव्हतं. खिंडीपलीकडे जमीन हातभर पुढे जाऊन फाटलेल्या कागदासारखी संपत होती. त्यापुढे सपाट राखाडी रंग होता, वर नाही, खाली नाही. वळून बघितलं तर डोंगर मागून पोकळ होता. त्याच्या आतल्या बाजूला रंगच दिलेला नव्हता. घर नव्हतं, दोरी नव्हती, जिना नव्हता. पिशवी उघडली तर पत्र आत तसंच होतं.

"दिसतंय का काही?" बायकोने मागून विचारलं.

आवकजावकांनी पिशवी पुन्हा मिटली. मग म्हणाले, "तू दारात होतीस ना त्या दिवशी?"

"होते."

"मग बोलली का नाहीस?"

"वन्संनी माझ्याकडे बघितलं," ती कोनाड्यातून म्हणाली. "तुमचं नुसतं डोकं दिसत होतं टीव्हीच्या वर, जळमटात. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी काय बोलणार?"

त्यांना सगळं एकदम उमगलं. पत्रांच्या खेळात जिन्याखाली मीटर कशाला असेल? कारकून असून त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. जिने अठ्ठावीस वर्षांत एक अंदाजे नोंद केली नाही, जी कुलूप दिसलं तर चार चारदा जिने चढली, तिने मरायच्या आधी एकच खोटं रीडिंग दिलं होतं, आणि ते सात आठवडे वाया घालवणाऱ्या धाकट्या भावाला दिलं होतं. आणि भावाने त्यावर चार दिवस अबोला धरला होता. आवकजावक रडले. आवाज न करता रडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते बरंच मोठ्याने झालं.

"पिन सोडू का आता?" बायकोने विचारलं. तिचाही आवाज ओला होता.

"सोड."

पडदा काळा झाला. आवकजावकांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, कार्ड पुढे ओढलं आणि 'होय'भोवती गोल केला. तपशिलात लिहिलं, 'धुके हटले. पलीकडे घर आहे. दार निळे. मीटर जिन्याखाली. प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' खाली सही केली, तारीख घातली आणि घरच्या वहीतला जावक क्रमांक टाकला. मग चपला घालून ते स्वतःच दुकानात गेले आणि त्यांनी मॅनेजरबाईंकडे पोच मागितली.